चार शाळा आणि एक पाऊस: ऑनलाइन शोधाधारित उपक्रमाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जावं तसा पाऊस झपाट्यानं कमी होतो. घाटमाथ्यावरच्या इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या सिन्नर तालुक्यात तो ५००-६०० मिलिमीटरवर येतो. जुलैत इगतपुरीकडे गुडघाभर चिखलात भाताची आवणी चाललेली असते, तेव्हा सिन्नरच्या पूर्वेकडच्या गावांत काही वर्षी पिण्याच्या पाण्याचे टँकरही बंद झालेले नसतात. नववीच्या भूगोलातल्या 'वृष्टी' या पाठात प्रतिरोध पाऊस (डोंगरानं वारे अडवल्यामुळे पडणारा) आणि पर्जन्यछायेचा प्रदेश (डोंगरापलीकडचा कमी पावसाचा भाग) शिकवला जातो. त्यासाठी नाशिकच्या मुलांना दूरचं उदाहरण द्यायची गरजच नाही.

हे प्रकरण चार मराठी माध्यमाच्या शाळांचं आहे. एक नाशिक शहरातली आणि इगतपुरी, त्र्यंबकेश्वर व सिन्नर तालुक्यांतली प्रत्येकी एक. एका प्रशिक्षणात ओळख झालेल्या शिक्षकांनी दर शनिवारी नववीच्या तीसेक मुलांचा एकत्र ऑनलाइन तास सुरू केला होता. दोन शाळांत विज्ञानाला पूर्णवेळ शिक्षक नव्हता, म्हणून चौघांनी मिळून शिकवावं हा मूळ हेतू. मी आखणीत मदतीला होतो. शाळा आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे गाळले आहेत.

अडचण

शनिवारच्या तासाला मुलं यायची, पण बोलायची फक्त शहरातली पाच-सहा. बाकीच्यांचा कॅमेरा बंद आणि माइकही बंद. शिक्षकांनी उपाय म्हणून घरी करायला एक 'शोध घ्या' उपक्रम दिला: पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय ते इंटरनेटवर शोधा, दोन उदाहरणं द्या, चित्र काढा.

उत्तरं भराभर आली आणि जवळजवळ सगळी एकसारखी होती. काही विश्वकोशाच्या पानावरून उतरवलेली, काही एआय चॅटवरून घेतलेली. एका मुलानं सुंदर अक्षरात 'ओरोग्राफिक लिफ्टिंग' (हवा डोंगराला अडून वर चढणं) हा इंग्रजी शब्द लिहिला होता. शनिवारी त्याचा अर्थ विचारला तर तो गप्प. सिन्नर तालुक्यातल्या मुलांनी पर्जन्यछायेचं उदाहरण म्हणून दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतापलीकडचा प्रदेश लिहिला. ती मुलं स्वतः पर्जन्यछायेत राहतात, हे त्यांच्या उत्तरात कुठेच नव्हतं.

मुलांनी नक्कल केली, पुढच्या वेळी कडक सूचना द्या, असं म्हणून शिक्षक थांबू शकले असते. ते थांबले नाहीत, याचं मला फार मोल वाटतं. त्यांनी प्रश्न तपासला. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच कुठेतरी तयार लिहून ठेवलेलं आहे, तो मुलांना 'शोधायला' दिला की मुलं ते उत्तर शोधून आणतात. त्यांनी सांगितलेलं काम चोख केलं होतं.

पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा होता: चांगली चित्रफीत दाखवायची आणि शेवटी प्रश्नमंजुषा घ्यायची. वेळ वाचतो, तास शांतपणे पार पडतो. पण मुलांचं गप्प राहणं त्यानं सुटणार नव्हतं.

दुसरा पर्याय वेबक्वेस्टचा. १९९५ साली सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीत बर्नी डॉज यांनी मांडलेली ही पद्धत आहे. शिक्षकानं निवडलेल्या मोजक्या संकेतस्थळांवरूनच माहिती घ्यायची आणि तिचा उपयोग करून एखादं काम पुरं करायचं, म्हणजे मुलं अख्ख्या इंटरनेटवर भरकटत नाहीत. शहरातल्या शाळेला हा पर्याय आवडला. त्र्यंबकच्या शिक्षिकांनी मात्र सांगितलं की त्यांच्याकडे पावसात एक पान उघडायला पाच मिनिटं लागतात आणि घरातला एकमेव फोन दिवसभर वडिलांबरोबर शेतावर असतो.

तिसरा पर्याय: राज्याच्या कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय (म्हणजे काही गावांच्या गटानुसार) रोजचा पाऊस मिळतो. ते आकडे मुलांना देऊन त्यातून नमुना शोधायला लावायचा.

चौथा पर्याय इगतपुरीच्या विज्ञान शिक्षकांनी सुचवला. प्रत्येक मुलानं आपल्या अंगणात पर्जन्यमापक लावायचा, रोज सकाळी मोजायचं आणि आकडा एका सामाईक तक्त्यात टाकायचा. ते म्हणाले, "काल तुझ्या अंगणात किती पाऊस पडला, हे कुठल्याच संकेतस्थळावर नाही. ते फक्त त्या पोरालाच माहीत असणार."

या वाक्यानं चर्चेची दिशा बदलली. मुलं एकमेकांपासून ५०-६० किलोमीटरवर विखुरलेली आहेत, ही इतके दिवस ऑनलाइन तासाची अडचण मानली जात होती. पाऊस मोजायचा म्हटल्यावर हेच अंतर कामाचं ठरलं. एका वर्गात बसलेल्या मुलांना घाटमाथा आणि पर्जन्यछाया एकाच सकाळी मोजताच आली नसती.

मोकळीक किती द्यायची, यावर बराच वाद झाला. शोधाच्या पायऱ्यांची एक उपयोगी मांडणी बँची आणि बेल या शिक्षण-अभ्यासकांनी २००८ मध्ये केली आहे: आधीच माहीत असलेलं पडताळून पाहणं, प्रश्न आणि पद्धत दोन्ही शिक्षकानं देणं, फक्त प्रश्न देऊन पद्धत मुलांवर सोडणं, आणि प्रश्नही मुलांनीच ठरवणं. शहरातल्या शिक्षिकांना थेट चौथ्या पायरीवर जायचं होतं. सिन्नरच्या सरांनी विरोध केला: ज्यांनी कधी काही मोजलं नाही त्यांना मोकळं सोडलं तर ती बुडतील. नवख्या विद्यार्थ्याला अपुरं मार्गदर्शन दिलं तर शिकणं घडत नाही, हा आक्षेप २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी जोरकसपणे मांडला होता आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. शेवटी ठरलं ते असं: मोजण्याची पद्धत शिक्षक पक्की ठरवून देतील, तीत कुणीही बदल करायचा नाही. प्रश्न मात्र आकडे जमायला लागल्यावर मुलांकडून येऊ द्यायचे.

आखणी

पर्जन्यमापक दोन लिटरच्या थंड पेयाच्या बाटलीचा. वरचा भाग कापून तोच उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा. बाटलीचा तळ खाचाखाचांचा असतो, म्हणून खडे आणि पाणी घालून सरळ भाग सुरू होतो तिथे शून्याची रेघ मारायची. वर फूटपट्टीची पट्टी चिकटवायची. बाटली झाडापासून, भिंतीपासून लांब ठेवायची. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. हवामान विभाग २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतो, पण शाळेमुळे मुलांनी सातला मोजायचं ठरवलं. नोंद आधी वहीत करायची आणि फोन मिळेल तेव्हा ग्रुपवर पाठवायची. तक्ता शिक्षक भरणार.

दोन गोष्टी पालकांमुळे आखणीत आल्या. शहरातल्या एका वडिलांनी फोन करून सांगितलं, "मॅडम, उपक्रम चांगला आहे, पण मुलीच्या घराचं लोकेशन आणि नंबर अनोळखी पोरांच्या ग्रुपवर नको." त्यांचं म्हणणं रास्त होतं. मग प्रत्येक शाळेचा ग्रुप वेगळा केला, तक्त्यात मुलाच्या नावाऐवजी खूण आणि फक्त गावाचं नाव ठेवलं, फोटोत चेहरा नको असा नियम केला. दुसरी गोष्ट इगतपुरीच्या एका आईनं सांगितली: विजा कडकडत असताना पोरगं बाटली बघायला पळतं. मग सूचनापत्रकाची पहिली ओळच बदलली. विजा चमकत असतील तर मोजायचं नाही, आणि गवतात चप्पल-काठीशिवाय पाय टाकायचा नाही.

शनिवारच्या तासाची रीतही बदलली. तासाची सुरुवात सर्वांत लांबच्या शाळेनं करायची. ज्यांचं नेटवर्क नव्हतं त्यांनी आधीच पाठवलेला आवाजी निरोप सगळ्यांना ऐकवायचा आणि मगच शहरातल्या मुलांनी बोलायचं. बदल छोटा, पण त्र्यंबकची मुलं पहिल्यांदा बोलली ती यामुळे.

वळणाचे प्रसंग

पहिला पेच दुसऱ्याच आठवड्यात आला. त्र्यंबक तालुक्यातल्या एकाच वाडीत राहणाऱ्या दोन मुली. एकीचा आकडा रोज दुसरीच्या जवळजवळ चौपट. दोघींच्या अंगणात शंभर पावलांचं अंतर. विज्ञानाच्या सरांना कारण फोटो पाहूनच कळलं होतं. एका मुलीला मोठी बाटली मिळाली नव्हती. तिनं पाण्याच्या अरुंद बाटलीवर रॉकेलचं मोठं नरसाळं बसवलं होतं.

आता सांगून टाकायचं की थांबायचं? सांगितलं तर तक्ता लगेच दुरुस्त झाला असता. सरांनी दोन दिवस थांबायचं ठरवलं आणि दोन्ही आकडे सगळ्या ग्रुपवर टाकून एवढंच विचारलं: असं कसं झालं असेल?

अंदाजांचा पाऊस पडला. वारा, झाडाचं पाणी, खोडकर लहान भाऊ, फूटपट्टी उलटी लावली. सिन्नरच्या एका मुलानं सुचवलं की दोन्ही बाटल्या एकाच अंगणात एका रात्रीपुरत्या ठेवून बघा. मुलींनी ठेवल्या. फरक तसाच राहिला, म्हणजे अंगणाचा दोष नाही, बाटलीचा आहे. मग दोन्हींच्या तोंडावर फूटपट्टी आडवी धरून फोटो आले. नरसाळ्याचा व्यास १२ सेंटिमीटर, बाटलीचा ६. गणिताच्या बाईंना तासाला बोलावलं. व्यास दुप्पट तर वर्तुळाचं क्षेत्रफळ चौपट. जास्त जागेवर पडलेलं पाणी अरुंद नळकांड्यात साठलं तर उंची चौपट दिसणार. क्षेत्रफळाचं सूत्र या मुलांना पाठ होतं, पण ते कशासाठी लागतं हे त्या दिवशी पहिल्यांदा समोर आलं.

त्या मुलीचे जुने आकडे फेकून न देता चारनं भागून वेगळ्या रकान्यात लिहिले आणि मूळ रकाना तसाच ठेवला. नोंद खोडायची नाही, शेजारी दुरुस्ती लिहायची, ही सवय पुढे सगळ्यांनी उचलली. माझ्या मते अख्ख्या उपक्रमातला हा सर्वांत मोलाचा आठवडा.

दुसरा प्रश्न शून्याचा. तक्त्यात शून्यं फार दिसायला लागली. चौकशी केल्यावर कळलं की मोजायला विसरलेली मुलंही शून्य लिहीत होती, कारण रिकामी जागा दिसली तर रागावतील अशी भीती. शिक्षकांनी दोन खुणा ठरवल्या: पाऊस नाही तर ०, मोजलं नाही तर फुली. आणि फुलीला कुणीही बोलणार नाही, असं जाहीर केलं. त्यानंतर फुल्या वाढल्या आणि आकड्यांवर विश्वास ठेवता आला. इगतपुरीच्या झडीत दोन दिवस रिकामी न केलेली बाटली भरून वाहिली, तेव्हा एका मुलीनं स्वतःहून तिसरी खूण मागितली: 'इतका तरी नक्की, पुढचा माहीत नाही'.

तिसरा निर्णय सरकारी आकडे कधी दाखवायचे याचा. शहरातल्या शिक्षिकांना पहिल्या दिवसापासून 'महारेन'चे आकडे शेजारी हवे होते, म्हणजे मुलांना आपली चूक कळेल. इगतपुरीच्या सरांचं म्हणणं होतं की मग मुलं बाटलीकडे न बघता पडद्यावरचा आकडा लिहितील. महिनाभर थांबायचं ठरलं. दाखवल्यावर मुलांची पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती: "सर, आमचं चुकलं." मग वेळेचा फरक, अंतराचा फरक आणि बाटलीच्या जागेचा फरक यांवर सलग दोन शनिवार गेले. महसूल मंडळाचं केंद्र आपल्या वाडीपासून कित्येक किलोमीटरवर असू शकतं आणि पाऊस शिवाराच्या एका बांधावर थांबून पलीकडे न पडताही जाऊ शकतो, हे शेतकऱ्यांच्या मुलांना पटवावं लागलं नाही. आपला आकडा वेगळा आहे म्हणजे चुकीचा आहे असं नाही, हे पटायला मात्र वेळ लागला.

मुलांचे प्रश्न

प्रश्न जुलैच्या मध्यापासून यायला लागले. सिन्नरच्या एका मुलाचा आवाजी निरोप असा होता: "सर, आमच्याकडे ढग रोज येतात. वाराबी असतो. पण ते आमच्या डोक्यावरून निघून जातात, पडत नाहीत. असं का?" पाठ्यपुस्तकातली व्याख्या ज्या निरीक्षणातून जन्मते, ते निरीक्षण या मुलानं स्वतः केलं होतं. तोच पुढच्या तीन आठवड्यांचा मुख्य प्रश्न झाला. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते, बाष्पाचं पाणी होतं आणि घाटमाथ्यावर सांडतं. पलीकडे उतरणारी हवा तापते आणि कोरडी होते. हे स्पष्टीकरण शिक्षकांनी सरळ शिकवलं, मुलांना शोधत ठेवलं नाही. तोवर ते समजून घ्यायची गरज मुलांच्या मनात तयार झाली होती, म्हणून त्या तासाला कुणी फोन बाजूला ठेवला नाही.

सिन्नरच्या मुलांची एक तक्रारही आली. हवामान विभाग २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच त्याला पावसाचा दिवस म्हणतो, हे कळल्यावर त्यांचे रिपरिपीचे बरेच दिवस मोजणीतून गेले. "मॅडम, चिखल तर झाला होता की!" या नाराजीतून व्याख्या कुणी आणि कशासाठी ठरवतं, यावर चांगली चर्चा झाली.

इगतपुरीहून वेगळाच प्रश्न आला. पुनर्वसू नक्षत्रातला पाऊस तरणा आणि पुष्यातला म्हातारा, असं घरोघरी म्हणतात. "आमची आजी म्हणती तरणा जास्त पडतो. मोजून बघू का?" नक्षत्रांचा विषय विज्ञानाच्या तासात घ्यावा का, यावर शिक्षकांत मतभेद झाले. मला हा प्रश्न उत्तम वाटला आणि मी तसं आग्रहानं सांगितलं. प्रश्न मोजता येण्यासारखा होता, तारखा ठरलेल्या होत्या (पुष्य साधारण १९-२० जुलैला लागतं) आणि आजीच्या बोलण्याला मुलांनी आदरानं, पण तपासून पाहायला घेतलं होतं. चारही गावांत दोन्ही पंधरवड्यांच्या बेरजा केल्या. उत्तर गावागणिक वेगळं आलं. एका वर्षाच्या आकड्यांवरून आजी बरोबर की चूक हे ठरवता येणार नाही, हे मुलांनीच शेवटी लिहिलं.

निष्पत्ती

सप्टेंबरअखेर इगतपुरी ते सिन्नर असा पावसाचा आडवा छेद मुलांनी स्वतःच्या बेरजांवरून काढला. उतार स्पष्ट होता. पण तक्त्यात एक दिवस असा होता की सिन्नरकडे गडगडाटासह जोराचा पाऊस झाला आणि इगतपुरीच्या बाटल्या जवळपास कोरड्या होत्या. काही मुलांना तो आकडा काढून टाकावासा वाटला, कारण तो नकाशा 'बिघडवत' होता. तो ठेवला. परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारी तापून उठणाऱ्या ढगांचा पाऊस घाटाच्या अडथळ्यामुळे पडत नसतो. पाठातला अभिसरण पाऊस हाच, असं त्यातून शिकवता आलं.

पर्जन्यछायेवर पुन्हा लिहायला सांगितलं तेव्हा बहुतेक उत्तरांत स्वतःच्या गावाचं नाव आणि आकडा होता. सगळ्यांच्या नाही. काहींनी पुन्हा पुस्तकातलंच वाक्य लिहिलं. त्र्यंबककडची काही मुलं ऑगस्टमध्ये गळाली, कारण आवणीनंतर घरची माणसं कामाला बाहेरगावी गेली आणि फोन त्यांच्याबरोबर गेला. वहीतल्या नोंदी चालू ठेवलेल्या दोघांचे आकडे नंतर तक्त्यात भरले. एका मुख्याध्यापकांचा "याला गुण कुठे?" हा प्रश्न खरा होता. अंतर्गत मूल्यमापनात उपक्रम धरला, आणि गुण आकड्यांच्या अचूकतेला न देता वहीतल्या सातत्याला आणि दुरुस्त्यांना दिले. अचूकतेला दिले असते तर फुल्यांच्या जागी पुन्हा शून्यं आली असती.

वेगळं काय करता येईल

गणिताचे शिक्षक सुरुवातीपासून हवेत. नरसाळ्याचा प्रश्न आल्यावर बाईंना बोलवावं लागलं आणि त्यांच्या वेळेसाठी आठवडाभर थांबावं लागलं. बेरीज, सरासरी, आलेख हे सगळं त्यांच्याच तासात झालं असतं तर शनिवार चर्चेला मोकळा राहिला असता.

तक्ता शिक्षकांनी भरल्यानं वेळेवर भरला गेला, पण मुलांना तो आठवड्यातून एकदाच दिसायचा. दर आठवड्याला एका शाळेच्या दोन मुलांकडे तक्त्याची जबाबदारी देता येईल. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी शाळेच्या फळ्यावर चारही गावांचे आकडे रोज लिहिले तर फोन नसलेलं मूलही चर्चेत टिकेल. त्र्यंबकच्या गळतीवर मला हाच उपाय सर्वांत व्यवहार्य वाटतो.

वेळेच्या बाबतीत, सातऐवजी साडेआठलाच शाळेत मोजणी करता येईल का, हे बघायला हवं. त्यासाठी बाटल्या अंगणाऐवजी शाळेच्या मैदानात येतील आणि प्रत्येक मुलाचं स्वतःचं अंगण हातून जाईल. मी अंगणाच्या बाजूनं आहे. वेळेचा फरक समजावून सांगता येतो.

बाटल्या घरी न्यायच्या आधी प्रत्येक शाळेनं त्या सगळ्या एका पावसात मैदानावर शेजारी शेजारी ठेवाव्यात, अशी सिन्नरच्या सरांची सूचना आहे. आकडे जुळले नाहीत तर कारण मुलांनीच शोधायचं आणि ते सापडेपर्यंत बाटली घरी जाणार नाही. यंदा मृगाच्या पहिल्या पावसातच चारही शाळा ते करून बघणार आहेत.